नोंद क्रमांक ४१२ : बटण दिसत नाही

कोणतंही काम व्हायचं तर ते करणारा माणूस लागतो, ही समजूत आता मागे पडली आहे. काम व्हायला भूमिका लागते. माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, दुसरीकडे नोकरी धरतो. भूमिका यातलं काहीच करत नाही. ती तक्त्यातल्या आपल्या चौकोनात शांत बसून असते. माणसाला विचारलं, "हे तू का केलं नाहीस?" तर तो कावराबावरा होतो. भूमिकेला विचारलं तर ती शेजारच्या चौकोनाकडे बोट दाखवते, आणि तो चौकोन त्याच्या शेजारच्याकडे. अशी सगळ्यांची बोटं एकमेकांकडे वळली की एक वर्तुळ पूर्ण होतं. सॉफ्टवेअरच्या धंद्यात या वर्तुळाला टीम म्हणतात.

मी अशाच एका टीमचा स्क्रम मास्टर आहे. (आईने सगळ्या इमारतीत मुलगा मास्तर झाल्याचं सांगून ठेवलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई नातवाच्या गणिताबद्दल दोनदा विचारून गेल्या.) मी शिकवत नाही. मी सॉफ्टवेअर लिहीत नाही, तपासत नाही, आणि कोणाला हुकूमही सोडत नाही. माझ्या भूमिकेच्या वर्णनात एकच ओळ आहे : टीमच्या वाटेतले अडथळे दूर करणे. या पदावर मला दोन वर्षं झाली. प्रस्तुत लिखाण मी प्रत्यक्षात दूर केलेल्या पहिल्या अडथळ्याविषयी आहे.

आमच्याकडे काम होतं ते एका नेत्र रुग्णालयाचं. तिथे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नंबर लावावा लागतो. पूर्वी हे फार मागासलेल्या पद्धतीने चालायचं. रुग्णालयाच्या दारात एक खिडकी होती, खिडकीत एक कारकून होता, आणि कारकुनापुढे लांबलचक वही होती. माणूस जायचा, कारकून विचारायचा, "उजवा की डावा?" आणि लिहून घ्यायचा. याला साधारण दोन मिनिटं लागत, त्यातलं एक मिनिट घरची चौकशी करण्यात जाई. या व्यवस्थेत कोणताही आलेख निघत नसे. म्हणून रुग्णालयाने आमच्याकडून ॲप करून घेतलं. तेच काम आता सात पडद्यांत होतं. खिडकी तेव्हा अजून बंद केलेली नव्हती.

सहाव्या पडद्यावर "पुढे" असं बटण आहे. पडदा पांढरा आहे, बटण फिकट करडं आहे, आणि त्यावर "पुढे" हा शब्द किंचित कमी फिकट करड्या रंगात आहे. दिसायला अत्यंत देखणं बटण आहे, दिसलं तर. नेत्र रुग्णालयात येणाऱ्या बहुतेक लोकांना डोळ्यांचा त्रास असतो, हा योगायोग तोपर्यंत कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

टीममध्ये आम्ही नऊजण. सर्वांत वर ओनरबाई, म्हणजे प्रॉडक्ट ओनर. प्रॉडक्ट त्यांच्या मालकीचं नाही, पण त्यात काय आधी करायचं आणि काय नंतर, हे त्याच ठरवतात. रुग्णालय त्यांनी अजून पाहिलेलं नाही (देवदयेने दृष्टी चांगली आहे). मग विश्लेषक. गिऱ्हाईक जे बोललं, त्यावरून त्याला काय बोलायला हवं होतं हे शोधून काढणं त्याच्याकडे. डिझायनर, ज्याला रंगारी म्हटलेलं आवडत नाही, त्यामुळे सगळे रंगारीच म्हणतात. प्रोग्रामर दोन : एक पडद्यावर दिसणारा भाग लिहितो, दुसरा न दिसणारा, आम्ही त्यांना पुढचा आणि मागचा म्हणतो, आणि दोघे एकमेकांकडे पाठ करून बसतात. टेस्टरबाई दोष शोधतात. मात्र शोधलेला दोष खरोखर दोष आहे की नाही, हे ठरवणं ओनरबाईंच्या चौकोनात येतं. दर मंगळवारी एक कोच येतात आणि आम्ही जे आहोत ते कसं असावं हे आम्हाला शिकवून जातात. आठवा मी.

नवव्या काकू.

काकूंविषयी थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण टीममध्ये त्यांच्याइतकं वजन कोणालाही नाही. आमच्या पद्धतीचा पहिला नियम असा की जे काही करायचं ते वापरणाऱ्याला विचारून करायचं. वापरणारे रुग्णालयात होते, रुग्णालय दोन रस्ते पलीकडे होतं, आणि बाहेर ऊन होतं. सबब अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेऊन आम्ही वापरणारी तयार केली. तिचा फोटो इंटरनेटवरून घेतला : पांढऱ्या केसांच्या एक बाई लॅपटॉपकडे बघून खळखळून हसताहेत. खाली माहिती लिहिली. वय अडुसष्ट. स्वभाव उत्साही. नव्या गोष्टी शिकायची आवड. "दृष्टी" असाही एक रकाना होता. तो भरायचा राहिला, आणि रिकामा रकाना म्हणजे सर्व ठीक असं आम्ही समजतो. फोटो पाण्याच्या कूलरवर लावला. तेव्हापासून वाद झाला की कोणीतरी विचारतं, "काकूंना काय वाटेल?" आणि ज्याचा आवाज मोठा त्याला उत्तर सुचतं. करडा रंग काकूंनीच पसंत केला आहे. त्यांचा वाढदिवस आम्ही केक आणून साजरा करतो. अख्ख्या टीममध्ये एकदाही रजा न घेतलेल्या त्या एकट्याच आहेत.

आता माझी आई. वय एकाहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा जास्त पिकलेला. कपात चहा किती भरला ते ती बोट घालून बघते. जिना उतरताना पायऱ्या मोजते : नऊ, मग वळण, मग पुन्हा नऊ. त्या महिन्यात एकदा तिने आठच मोजल्या. घोटा सुजून टम्म झाला. डॉक्टर म्हणाले, "या खेपेला घोट्यावर निभावलं. आता ऑपरेशन लांबवू नका."

मी मोठ्या अभिमानाने आमचं ॲप तिच्या फोनवर घातलं आणि तिच्या हातात दिलं. पाच पडदे तिने अंदाजाने पार केले. सहाव्यावर अडली.

"अरे, इथे पुढे काहीच नाहीये."

"आई, खाली बटण आहे."

"कुठे?"

"खाली बघ ना. पांढऱ्यावर करडं."

"मला सगळंच पांढऱ्यावर करडं दिसतं रे. त्यासाठीच तर नंबर लावतेय ना?"

बटण मी स्वतःच दाबू शकलो असतो. सामान्य मुलाने तेच केलं असतं. पण मग दोष झाकला गेला असता, आणि आयता घरात मिळालेला खरा वापरकर्ता हातचा गेला असता. (माझ्या फोनवरून तिचा नंबर लावायचाही उपयोग नव्हता. टीमचे फोन चाचणीचे म्हणून नोंदलेले आहेत; त्यांवरून लावलेले नंबर रोज संध्याकाळी आपोआप पुसले जातात.) मी तिला म्हटलं, "थांब, हे रीतसर दुरुस्त करून घेऊ." ती म्हणाली, "तू आहेस ना तिथे, मग होईल." आणि फोन उशीखाली ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी नोंद केली. क्रमांक ४१२ : बटण दिसत नाही.

आमचा दिवस उभ्या बैठकीने सुरू होतो. उभा माणूस थोडक्यात बोलतो, असं शास्त्र आहे. (आमच्यापैकी सहाजणांनी त्यासाठी जाड तळव्यांचे बूट घेतले आहेत.) प्रत्येकाने तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची : काल काय केलं, आज काय करणार, काही अडथळा आहे का. दोन वर्षं मी तिसऱ्या प्रश्नाला "नाही" म्हणत आलो होतो. त्या दिवशी म्हणालो, "आहे. बटण दिसत नाही."

"कोणाला?" ओनरबाईंनी विचारलं.

"माझ्या आईला."

विश्लेषक हळूच म्हणाला, "पण आई अशी भूमिका आपल्याकडे नाहीये."

हे बरोबर होतं. नोंद ठरलेल्या साच्यात बसवावी लागते : अमुक एक म्हणून मला तमुक हवं, जेणेकरून अमकं होईल. त्याने जेवणाची सुट्टी खर्चून ती बसवली. "मोतीबिंदू असलेली एक ज्येष्ठ नागरिक म्हणून मला बटण दिसायला हवं, जेणेकरून मला बटण दिसेल." कोचनी हे वाक्य फळ्यावर लिहून घेतलं आणि फोटो काढला.

पुढे अंदाजाचा कार्यक्रम. कोणत्या कामाला किती कष्ट पडतील, हे आम्ही आकड्यांचे पत्ते खेळून ठरवतो. सगळ्यांनी आपला पत्ता एकदम उलटायचा, म्हणजे कोणी कोणाचं बघून ठरवत नाही. रंगाऱ्याने तेरा टाकले. म्हणाला, करडा बदलायचा तर ॲपचा आत्माच बदलावा लागेल. पुढच्याने एक टाकला. "एका ओळीचं काम आहे. आत्ता करतो," असं म्हणून त्याने खुर्ची ओढलीसुद्धा. त्याला सगळ्यांनी मिळून थांबवलं. अंदाज ठरायच्या आत काम झालं तर अंदाजाला अर्थ काय राहिला? एक तास वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी पाच हा आकडा एकमताने ठरला, कारण तो कोणीच टाकला नव्हता.

टेस्टरबाईंची गोष्ट जरा निराळी. त्या चोपन्न वर्षांच्या, आणि आमच्यात खऱ्या अर्थाने काही शोधणाऱ्या त्या एकट्याच. त्यांनी आपला चष्मा काढून टेबलावर ठेवला, फोन हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "मलाही दिसत नाही." चष्मा काढून तपासणं चाचणीच्या आराखड्यात नाही, असं त्यांच्या निदर्शनास आणून देण्यात आलं. त्यांनी चष्मा परत घातला. डबा खाताना मात्र मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आईंना खिडकीवर का नेत नाही? दोन मिनिटांचं काम."

"ते पद्धतीला सोडून होईल," मी म्हणालो.

"पडल्या परत, तर तेही पद्धतीला सोडूनच होईल," त्या म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण लावलं. अनुभवी माणसांचा स्वभाव असा तुटक होतो.

आमच्याकडे काम दोन-दोन आठवड्यांच्या धावेत होतं. तिला स्प्रिंट म्हणतात. प्रत्येक धावेच्या सुरुवातीला ओनरबाई यादीतली कामं वरखाली करतात. पहिल्या धावेत ४१२ अडतिसावं होतं. दुसऱ्या धावेत ते एकोणतिसावर आलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या धावेत पुन्हा चौतिसावर गेलं, कारण काकूंना नंबर लागल्यावर पडद्यावर फुगे उडायला हवे होते. दर धावेच्या शेवटी आढावा बैठक होते, तिला रुग्णालयाचे एक अधिकारी येतात. त्यांची भूमिका हितसंबंधी, म्हणजे स्टेकहोल्डर, अशी आहे. हितसंबंधी मागच्या रांगेत बसतो, सगळं बघतो, हसायच्या जागी हसतो, आणि "काही सूचना?" असं विचारलं की घड्याळाकडे बघतो. आम्हाला इतका चांगला हितसंबंधी मिळाला हे आमचं भाग्यच. त्यानंतर आम्ही रंगीत चिठ्ठ्यांवर काय चांगलं झालं ते लिहून भिंतीला चिकटवतो. तिन्ही वेळा एक हिरवी चिठ्ठी होतीच : "४१२ वर छान चर्चा झाली."

घरी आई रोज विचारायची, "झालं का रे ते बटण?"

"यादीत आहे."

"वर आहे की खाली?"

"मध्ये."

"बरं," ती म्हणायची, आणि चहात बोट बुडवायची.

आठव्या आठवड्यात एका सकाळी ती मला न सांगता निघाली. नऊ, वळण, नऊ असं मोजत खाली उतरली, तळमजल्यावरच्या मावशींचा हात धरला आणि रुग्णालयाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिली. कारकुनाने बोटाला थुंकी लावून पान उलटलं. "उजवा की डावा?" "आधी उजवा." त्याने लिहिलं. नवव्या दिवशी ऑपरेशन झालं.

पट्टी काढली तेव्हा मी समोर होतो. आईने डोळा उघडझाप केला, माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "किती पिकलास रे तू." दोन-तीन वर्षं तिने माझा चेहरा नीट पाहिलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. मला रडू आलं. याची नोंद केलेली नाही, कारण त्यासाठी रकाना नाही.

४१२ मात्र अजून उघडी होती. नियम असा की नोंद बंद करायची तर मूळ तक्रारदाराकडून पुन्हा खात्री करून घ्यायची. मी आईपुढे सहावा पडदा धरला.

"बटण दिसतंय?"

"हो की! हे होतं होय? रंग मात्र अगदी मेलेला आहे."

विश्लेषकाने पहिले दोन शब्द नोंदवले. ४१२ वर शेरा पडला : "दोष पुन्हा आढळला नाही." अंदाजात ठरलेले पाच पॉइंट टीमच्या खात्यात जमा झाले. एकही ओळ न बदलता पाच पॉइंट मिळवण्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याचं कोचनी सांगितलं. केक आला. काकूंच्या फोटोला कागदाची टोपी चिकटवण्यात आली.

यशाचं मोजमापही लगेच हाती आलं. सातव्या पडद्यावर आम्ही लोकांना एक प्रश्न विचारतो : "मागच्या पडद्यावरचं बटण सहज सापडलं का?" उत्तर देणाऱ्या शंभर टक्के लोकांनी "होय" म्हटलं होतं. (ज्यांना सापडलं नाही ते सातव्या पडद्यावर पोहोचलेच नाहीत. त्यामुळे त्यांच्या नाराजीचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.) शंभर टक्के हा आकडा आढावा बैठकीत मोठ्या अक्षरांत दाखवला. अधिकाऱ्यांनी तो बघितला, मग घड्याळ बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात खिडकी बंद केली. कारकुनाची बदली औषधांच्या कोठारात झाली. बंद खिडकीवर सूचना लावली : "नंबर ॲपवर लावावा." सूचना सुंदर दिसावी म्हणून ती रंगाऱ्याकडून करून घेतली होती, आमच्याच करड्या रंगात.

डाव्या डोळ्याच्या तपासणीला आई गेली, तर बंद खिडकीपुढे सात-आठ माणसं उभी. कोणी खिडकीवर टकटक करतंय, कोणी फोन तोंडाजवळ नेऊन बघतंय. सूचना कोणालाच दिसली नव्हती. आईने एका म्हाताऱ्या सुताराच्या हातातला फोन घेतला. तो बंद पडलेला होता. "जाऊ दे, माझ्यावरून लावते. उजवा की डावा?" तिने लावून दिला. मग त्याच्या मागच्याचा लावला. घरी यायला दुपार झाली, आणि तोंडावर असा आनंद की मला वाटलं कोणाचं लग्न ठरवून आली.

दुसऱ्या दिवशी ती पाण्याची बाटली घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी बसायला उशी. नऊ ते बारा ती खिडकीसमोरच्या बाकावर बसायची. लोक येऊन नाव सांगायचे, डोळा सांगायचे, घरचं सांगायचे, आणि ती बटण दाबायची. दिवसाला चाळीसच्या आसपास. सगळे तिला बटणवाल्या आजी म्हणायला लागले. मी एकदा म्हटलं, "आई, तुझ्या डाव्या डोळ्याचा नंबर लाव ना आधी." म्हणाली, "माझं काय, एक डोळा आहे मला. या लोकांना एकही नाही. त्यांचं होऊ दे, मग लावते."

इकडे ऑफिसात आलेख छताकडे निघाला होता. महिन्याभरात नंबर तिप्पट झाले. ओनरबाईंनी याचं श्रेय फुग्यांना दिलं, रंगाऱ्याने करड्याला, आणि कोचनी पद्धतीला. मी सगळ्यांचं अभिनंदन केलं, कारण कोणाचा उत्साह मोडणं हा माझ्या भूमिकेचा भाग नाही.

सहा आठवडे हे सुखाने चाललं. मग मागच्या प्रोग्रामरने आकडे उघडून बघितले. एकूण नंबरांपैकी अकराशे चाळीस एकाच फोनवरून लावलेले होते.

"मशीन असणार," विश्लेषक म्हणाला. "माणूस एवढं कशाला करेल?"

"दलाल असेल," ओनरबाई म्हणाल्या. "असे नंबर काकू लावतील का?"

सगळ्यांनी कूलरच्या वर बघितलं. काकू लॅपटॉपकडे बघून हसत होत्या. त्या असले नंबर लावणार नाहीत, हे स्पष्ट होतं.

नोंद क्रमांक ५३३ तिथल्या तिथे तयार झाली : एका फोनवरून महिन्याला दोनच नंबर. पत्ते उलटले. आठही पत्त्यांवर एक होता. चर्चेशिवाय असं एकमत दोन वर्षांत प्रथमच झालं. मागच्याने विचारलं, "आधी लावलेले धरायचे का?" ओनरबाई म्हणाल्या, "अर्थात. शिस्त म्हणजे शिस्त." आणि या प्रकाराला काय म्हणावं याचा थोडा विचार करून कोच म्हणाले, "हा अडथळा आहे."

सगळे माझ्याकडे वळले. अडथळे माझ्याकडे असतात.

मागच्याने मला कागद दिला. त्यावर त्या फोनचा नंबर होता. शेवटचे चार आकडे मी ओळखले. सिमकार्ड मीच आणून दिलं होतं, तिला पाठ व्हायला सोपं पडेल असा नंबर निवडून. टेस्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. रुग्णालय त्यांच्या वाटेवर आहे. बाकावर कोण बसतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, अगदी नियमाप्रमाणे.

"मास्तर, काही अडथळा?"

मी म्हणालो, "नाही."

५३३ चं कार्ड मी स्वतः उचलून फळ्याच्या डाव्या, "करायचं" बाजूकडून उजव्या, "झालं" बाजूला लावलं. नोंदीपासून अंमलापर्यंत चाळीस मिनिटं लागली. हा आमच्या कंपनीतला विक्रम आहे. मला एक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यावर "अडथळा दूर केल्याबद्दल" असं छापलेलं आहे. ते मी घरी नेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आई दहालाच परतली. उशी काखेत होती.

"चालत नाही रे ते. मर्यादा संपली म्हणतंय. पन्नासजण उभे होते, त्यांना काय सांगू मी? कोणी केलं हे?"

"टीमने," मी म्हणालो.

हे अक्षरशः खरं होतं. ओनरबाईंनी फक्त क्रम ठरवला. विश्लेषकाने फक्त वाक्य केलं. मागच्याने कार्डावर होतं तेवढंच लिहिलं. टेस्टरबाईंनी, ओठ घट्ट मिटून, तिसरा नंबर लागत नाही एवढंच तपासलं. मी कार्ड सरकवलं. यातल्या कोणीही एकट्याने एकाही माणसाला बाकावरून उठवलेलं नाही. कामाची इतकी बारीक आणि न्याय्य वाटणी दुसऱ्या कुठल्याही धंद्यात होत नसेल.

"तू होतास ना तिथे?" आईने विचारलं.

"होतो."

"मग?"

"माझी भूमिका वेगळी आहे, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. उजव्या डोळ्याने तिला आता फार स्पष्ट दिसतं. हा या ऑपरेशनचा एक दुष्परिणाम आहे. रुग्णालयाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही. त्या दिवसापासून ती मला मास्तर म्हणत नाही. शेजारी विचारतात तेव्हा "ऑफिसात असतो" एवढंच सांगते.

तिचा डावा डोळा अजून व्हायचा आहे. तिचं नाव तिच्याच फोनला जोडलेलं आहे, आणि त्या फोनवर अकराशे चाळीस नंबर आधीच लागलेले आहेत. महिन्याला दोन या हिशेबाने तिला पुढचा नंबर साडेसत्तेचाळीस वर्षांनी लावता येईल. तेव्हा ती एकशे अठरा वर्षांची असेल. जिना ती पुन्हा मोजून उतरायला लागली आहे, कारण एका डोळ्याने पायरीची खोली नीट कळत नाही. मी स्वस्थ बसलेलो नाही. रीतसर नोंद केली आहे, क्रमांक ५३४. ती सध्या यादीत एकेचाळिसावी आहे, आणि तिच्यावर छान चर्चा होते.

इथवर वाचताना तुम्ही मनातल्या मनात मला बरंच काही बोलला असाल. ते रास्त आहे, पण कुठे नोंदलं गेलेलं नाही. तुम्ही मागच्या रांगेत बसून सगळं बघितलंत, हसायच्या जागी हसलात, आणि आता किती वाजले ते बघाल. इतका चांगला हितसंबंधी मिळाला हे आमचं भाग्य. या लिखाणाच्या शेवटापर्यंत पोहोचलेल्या शंभर टक्के वाचकांनी ते शेवटापर्यंत वाचलं आहे, हा आकडा मी पुढच्या आढावा बैठकीत दाखवणार आहे. तरीही कोणाला काही सूचना करायची असेल, बाकावरच्या एका म्हातारीबद्दल काही म्हणायचं असेल, तर या ओळीच्या बरोबर खाली एक बटण दिलेलं आहे.

दिसत नसेल, तर तुमची काही सूचना नाही असं मी लिहून घेतो.